एकशे त्रेचाळिसावा गोल

"लामर्ट, धावलास!"

यांटिनाची शिट्टी वाजली तेव्हा लामर्ट होविंग गोलपासून चार पावलांवर होता, चेंडू त्याच्या बुटापाशी होता आणि समोरचा गोलकीपर चष्मा पुसत होता.

"मी? मी चालत होतो."

"दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

"अगं बाई, उजव्या गुडघ्यात पोलाद आणि डावा खुबा प्लॅस्टिकचा. मी ठरवलं तरी धावू कशानं?"

"हे तू दर बुधवारी विचारतोस आणि दर बुधवारी धावतोस. चेंडू त्यांना दे."

फेनहूक गावच्या क्लबात साठी ओलांडलेल्यांचं हे चालतं फुटबॉल. नियम मोजके. धावायचं नाही, चेंडू कमरेच्या वर उडवायचा नाही, आणि साडेदहा वाजले की सामना कितीही रंगात आला असला तरी सोडून कॉफीला जायचं. पहिल्या दोन नियमांवरून दर आठवड्याला भांडणं होतात. तिसऱ्यावरून आजवर एकही झालेलं नाही.

लामर्टचं वय अडुसष्ट. पण समोर गोल दिसला की ते वय कुठं जायचं कोण जाणे. सतराव्या वर्षी तो क्लबाच्या पहिल्या संघात आला, तेव्हा त्याचे वडील पुठ्ठ्याच्या कारखान्यात होते आणि त्याच्या बुटात त्याच कारखान्यातले पुठ्ठे घातलेले असत. त्यानंतर चौदा हंगाम तो दुसऱ्या श्रेणीत खेळला. मध्ये एक वर्ष पश्चिमेकडच्या एका मोठ्या क्लबानं त्याला नेलं. तिथं अकरा सामने, दोन गोल, आणि उरलेला वेळ बाकावर. "तिथं खेळण्यापेक्षा बोलतात जास्त," एवढंच सांगून तो परत आला. एकदा देशाच्या संघातही त्याला बोलावणं आलं होतं. उत्तरार्धात प्रशिक्षकानं त्याला अंग गरम करायला सांगितलं. रेषेच्या कडेनं अकरा मिनिटं तो पळत राहिला आणि आत गेला दुसराच कुणीतरी. दुसऱ्या कुणाला हा सल जन्मभर पुरला असता. लामर्ट म्हणायचा, "त्या दिवशी सबंध देशात माझ्याइतकं अंग कुणाचं गरम नव्हतं." आणि सगळ्यांत आधी आपणच हसायचा.

त्याच्या खेळात देखणं असं काही नव्हतं. लांबून बाण सोडावा तसे फटके नाहीत, तिघाचौघांना चकवणं नाही. चेंडू जिथं येऊन पडणार तिथं तो आधीच उभा असायचा. नाकाला, गुडघ्याला, ढुंगणाला, कशालाही लागून चेंडू आत गेला की तो आपला. असं करत करत त्यानं क्लबासाठी एकशे त्रेचाळीस गोल केले. पन्नासच्या दशकातला यानेस ट्रिप एकशे बेचाळिसावर थांबला होता. म्हणजे विक्रम लामर्टचा, एका गोलानं. गावात त्याला नावानं हाक मारणारे कमीच. जो तो म्हणे, "काय एकशे त्रेचाळीस, बरंय ना?"

आणि कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारी बसायचा शून्य.

शून्य म्हणजे रूल्फ एन्सिंग. डाव्या बाजूचा बचावपटू. सकाळी टपाल वाटायचा, दुपारी सराव करायचा. दोनशे बारा सामने खेळला आणि त्यात एकही गोल नाही. "दोघांची सरासरी साडेएकाहत्तर," हा विनोद अडतीस वर्षं त्या टेबलावर चालत आला होता. रूल्फला त्याच्या साठीला क्लबानं भलंमोठं शून्य कोरलेला बिअरचा ग्लास दिला. दुसऱ्या कुणी त्या ग्लासात प्यालेलं त्याला खपत नसे.

त्या बुधवारी मात्र साडेदहाला यांटिनानं लामर्टला कॉफीला जाऊ दिलं नाही. यांटिना स्मेइंग चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आता बुधवारी ती पंच असे आणि एरवी क्लबाचे जुने कागद सांभाळी. क्लबाला शंभर वर्षं होत होती. पुस्तक निघणार होतं, कॅन्टीनच्या भिंतीवर सगळ्या खेळाडूंच्या नावांचा नवा फळा लागणार होता. समारंभ रविवारी होता.

"आत ये. दार लाव," तिनं बुटांच्या जुन्या खोलीत नेऊन त्याला सांगितलं.

"काय गं, लाल कार्ड देतेस की काय?"

"बस आणि बघ."

कुणीतरी माळा साफ करताना एक जुनी फिल्म सापडली होती आणि ती तिनं संगणकावर आणून घेतली होती. तिला आवाज नव्हता. थरथरती हिरवी जमीन आणि कडेला लोकांच्या तोंडातून निघणारी वाफ. लामर्टनं चौथ्या सेकंदाला सामना ओळखला. फेब्रुवारीतला, त्याच्या शेवटच्या हंगामातला. मैदान गोठल्यामुळं रविवारचा सामना रद्द झाला आणि पुढच्या शनिवारी खेळवला. एरवी त्यांचा क्लब रविवारी खेळायचा. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. कोपऱ्यातून आलेला चेंडू बाहेर फेकला गेला, आणि कधी नव्हे तो पुढं आलेला रूल्फ तिथं होता. त्यानं डाव्या पायानं सणसणीत फटका मारला. गोलच्या तोंडाशी लामर्टनं उडी घेतली. चेंडू आत. लामर्टचे दोन्ही हात वर. मग सगळा संघ त्याच्यावर तुटून पडला आणि त्याला उचलून घेतलं. उचलणाऱ्यांत, त्याच्या डाव्या मांडीखाली खांदा देऊन, रूल्फही होता.

"एकशे त्रेचाळिसावा," लामर्ट म्हणाला. त्याला नुसता आनंद झाला होता.

"पुन्हा बघ. आता मी सावकाश लावते."

सावकाश लावल्यावर चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

"केसांना लागला होता," लामर्ट म्हणाला.

"तुला तेव्हा केस होते हे मान्य. पण चेंडू वीतभर वरून गेलाय. मी नऊ वेळा पाहिलंय."

खोलीत चामड्याचा आणि ओल्या मोज्यांचा जुना वास होता.

"हे बघ," यांटिना म्हणाली, "चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, खोटं लिहू नका. आता शंभर वर्षांच्या पुस्तकात मीच लिहू? ते होणार नाही. पण मी सगळ्यांना सांगत सुटले तर ते तुला उघडं पाडणं झालं. ते तुझं तू सांगायचं. शुक्रवारी पेंटर येतोय. त्याला मी दोन्ही आकडे अजून दिलेले नाहीत."

"दोन्ही म्हणजे?"

"तुझा आणि रूल्फचा."

लामर्ट कॉफी न पिताच सायकलवर बसला. कालव्याच्या कडेनं घरी जाताना समोरून वारा होता आणि तो स्वतःशीच भांडत होता. खरं सांगायचं तर त्याला ठाऊक होतं. हात वर गेले तेव्हा नव्हतं. स्ट्रायकरचे हात त्याच्या डोक्याला विचारून वर जात नाहीत. पण नंतर शॉवरखाली उभं असताना त्यानं कपाळावरून हात फिरवला होता आणि तिथं चेंडूची काहीच आठवण नव्हती. तेवढ्यात बाहेरून त्याच्या नावाचा गजर ऐकू आला. सोमवारच्या वर्तमानपत्रात आकडा छापून आला. मग आकड्याचं नाव झालं आणि नाव परत करता येत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

घरी डिनी पावाला लोणी लावत होती. त्यानं उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तुला? तू तर त्या दिवशी तुझ्या बहिणीकडे होतीस!"

"त्या दिवशी जेवताना तू गोलाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. बाकीच्या एकशे बेचाळीस वेळा माझे कान किटवलेस. एकाच्याच वेळी मुकाट बटाटे खाल्लेस."

"मग बोलली का नाहीस?"

"गोल तुझा. म्हणजे, नव्हता तुझा. पण तोंड तर तुझंच होतं ना?"

दुपारभर तो बागेत काहीबाही उपटत राहिला. निम्मं तण होतं, निम्मी डिनीची फुलझाडं. शेवटी न राहवून सायकल काढली आणि रूल्फच्या दारात जाऊन घंटी वाजवली, तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. त्या वेळी फेनहूकमध्ये प्रत्येक टेबलावर बटाटे वाढलेले असतात. त्या वेळी न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं एकच कारण असतं.

रूल्फनं दार उघडलं. हातात काटा होता आणि तोंडाचा रंग उडाला होता.

"कोण गेलं?"

"कुणी नाही रे."

"डिनी बरी आहे?"

"सगळे ठणठणीत आहेत. तो एकशे त्रेचाळिसावा गोल माझा नव्हता. तुझा होता. यांटिनाकडे फिल्म आहे. मला लागलाच नाही चेंडू."

रूल्फ मोठ्यानं हसला. "हे सांगायला सहा वाजता आलास? मला वाटलं कुणी मेलं! अरे, ठेव की तो तुझ्याकडेच. मी काय करू त्याचं?"

"फळ्यावर तुझ्या नावापुढं एक लागेल."

"नको!" रूल्फनं काटा हलवला. "लेका, दोनशे बारा सामन्यांत एक गोल करणारे, ज्यांना कुत्रं विचारत नाही असे, ढिगानं आहेत. शून्य मी एकटाच. माझा ग्लास आहे शून्याचा. आता या वयात मला एक करतोस?"

"पण खरं काय ते—"

"खरं?" रूल्फ थांबला. हसू ओसरलं. "खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं. माझ्यासमोर सहा-सात जण होते. फटका बसला, चेंडू आत गेला, तुझे हात वर. मी म्हटलं, याला लागला असणार, उगाच कशाला कोण हात वर करील?" त्यानं मागं वळून दार जरा ओढून घेतलं. "त्या दिवशी बाबा आले होते."

"कोण, बेरेंडकाका? सामन्याला?"

"शनिवार होता ना."

लामर्टला आणखी काही सांगायची गरज नव्हती. बेरेंड एन्सिंगच्या घरात रविवारी सायकलसुद्धा काढत नसत. दोनदा चर्चमध्ये आणि गाईंची धार, बाकी काही नाही. देवभिरू लोकांची पोरं शनिवारच्या क्लबात खेळायची. रूल्फ रविवारच्या क्लबात गेला तेव्हा बापानं आदळआपट केली नाही, घराबाहेर काढलं नाही. त्या दिवसापासून त्या घरात फुटबॉल हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही.

"एकदाच आले," रूल्फ म्हणाला. "काळा कोट घालून गोलच्या मागं कठड्याला उभे होते. मी सामनाभर तिकडं बघितलं नाही, पण मला दिसत होते. आणि मग भोंग्यावरून तुझं नाव पुकारलं. घरी गेलो, जेवलो, गोठ्यात गेलो. तेही काही बोलले नाहीत, मीही नाही." त्यानं काट्याकडे पाहिलं. "तर आता मला तो गोल नको, लामर्ट. तेव्हा हवा होता. जा घरी. माझे बटाटे निवतायत."

दार लागलं. लामर्ट बराच वेळ सायकलला धरून उभा होता. लाज वाटली तर ती कुठं ठेवायची याचा त्याला सराव नव्हता. जन्मभर तो हजर राहून जिंकला होता, आणि एका माणसाच्या सबंध आयुष्यातल्या एकाच जागी तो नको तेव्हा हजर झाला होता.

पण स्ट्रायकर चुकलेल्या संधीवर रडत बसत नाही, पुढच्या चेंडूकडे जातो. गुरुवारी सकाळी फोन करून, वेळ ठरवून, दहाच्या ठोक्याला तो वृद्धांच्या निवासात बेरेंड एन्सिंगच्या खोलीत पोचला. बेरेंड पंचाण्णव वर्षांचा होता. पाय गेले होते, कान निम्मे उरले होते, डोळे मात्र दोन्ही जागेवर होते. लामर्ट त्याला चांगला ओळखत होता. फुटबॉल सुटल्यावर लामर्टनं चोवीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. गावोगावच्या गोठ्यांवर दूध टाकीत खेचलं जाईपर्यंत शेतकरी त्याच्याकडून गोल ऐकून घेत. एकट्या बेरेंडच्या अंगणात गोलांचा विषय कधी निघाला नाही. लामर्टला वाटायचं, धर्मामुळं.

"बस," बेरेंड म्हणाला. "कोट काढ. कोट घालून बसतो तो डॉक्टर."

कॉफी आली. बेरेंडनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून पुढं केला. लामर्टनं एक घेतलं. डबा टप्पकन बंद झाला. फेनहूकमध्ये पाहुण्याला एकच बिस्किट मिळतं.

"काका, त्या शनिवारी तुम्ही सामन्याला आला होतात, हे मला काल कळलं."

"हं."

"तो गोल माझा नव्हता. रूल्फचा होता."

बेरेंडनं सावकाश साखर ढवळली. "मला ठाऊक आहे."

"रूल्फनं सांगितलं?"

"कोण कशाला सांगेल? मी गोलच्या मागं उभा होतो. आंधळा नव्हतो. चेंडू तुझ्या डोक्यावरून निघून गेला, आणि मग तू उडी मारलीस."

हे शेवटचं लामर्टला सगळ्यांत जास्त झोंबलं. दुसऱ्याचा गोल घेतला म्हणणं वेगळं. उडी उशिरा मारली, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"मग काका, तुम्ही रूल्फला का नाही बोललात?"

"वाट बघत होतो. तो आला, जेवला, गोठ्यात गेला. बोलला नाही. म्हटलं, चला, घरची शिकवण कुठं तरी मुरली म्हणायची. स्वतःची टिमकी वाजवत नाही पोरगं. मी विषय काढला असता तर त्याला फुशारकी शिकवल्यासारखं झालं असतं." कॉफीचा एक घोट गेला. "पण त्यानं बोलावं असं वाटत होतं. ते खोटं कशाला सांगू?"

लामर्टनं मान खाली घातली.

"आणि तू," बेरेंड म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "अकरा वर्षं एक दिवसाआड माझ्या अंगणात टँकर लावलास. नळी जोडायचास, आत यायचास, माझ्या टेबलावर कॉफी प्यायचास. दर खेपेला मला वाटायचं, आज सांगेल."

अकरा वर्षं. लामर्टला तो स्वयंपाकघरातला ओट्याकडचा कोपरा आठवला, खिडकीतून दिसणारा टँकर आठवला, आणि समोर बसून काही न बोलणारा हा माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही.

"चुकलं माझं, काका."

"हो. चुकलं." बेरेंडनं ते तिथंच संपवलं. "फळ्यावर काय लिहिणार आहेत?"

"रूल्फ एन्सिंग, सामने दोनशे बारा, गोल एक. रूल्फ नको म्हणतोय. पण मी यांटिनाला सांगणार आहे."

"वारही लिहा."

"वार?"

"शनिवार होता तो. नाहीतर लोक म्हणतील, एन्सिंगचा मुलगा रविवारी गोल मारत होता."

"रविवारी तो खेळतच होता की, काका."

"खेळत होता. गोल मारत नव्हता," बेरेंड म्हणाला. "इतके रविवार देवानं त्याला एक गोल दिला नाही. एका शनिवारी दिला. तर तो तू घेतलास."

यावर लामर्टला हसावं की रडावं ते कळेना. बेरेंडच्या तोंडावर हसू नव्हतं, पण त्यानं डबा पुन्हा उघडला आणि पुढं केला. फेनहूकमध्ये दुसरं बिस्किट म्हणजे काय, हे लामर्टला सांगायला नको होतं. त्यानं ते घेतलं आणि उठायच्या आधी विचारलं, "फळा बघायला याल?"

"समारंभ रविवारी आहे म्हणे."

"शनिवारी दाखवायची व्यवस्था केली तर?"

"शनिवारी मला काही काम नसतं," बेरेंड म्हणाला.

यांटिनानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. समारंभाच्या आधी फळा कुणाला दाखवायचा नाही, असं समितीत ठरलं होतं. "समितीला माझं नाव सांग," लामर्ट म्हणाला. "अजून शुक्रवार उजाडायचाय. अजून मी एकशे त्रेचाळीस आहे." ती हसली आणि किल्ल्या काढल्या. मग त्यानं रूल्फला फोन केला. शनिवारी तीन वाजता क्लबात ये, तुझे वडील येतायत, एवढंच सांगितलं.

"बाबा?" रूल्फ म्हणाला. "क्लबात?"

तो तीनला दहा मिनिटं कमी असतानाच दारात हजर होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. लामर्टशी तो बोलला नाही. निवासाची गाडी आली, लामर्टनं चाकाची खुर्ची उतरवली, आणि पन्नास-साठ वर्षं त्याच गावात काढलेला बेरेंड एन्सिंग पहिल्यांदाच त्या कॅन्टीनमध्ये आला. आत कुणी नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. बेरेंडनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, जशी चर्चमध्ये ठेवतात.

यांटिनानं फळ्यावरची चादर ओढून काढली.

लामर्टनं आपलं नाव शोधलं नाही. डोळे आपणहून तिथं गेले. यानेस ट्रिप, एकशे बेचाळीस. लामर्ट होविंग, एकशे बेचाळीस. दोन ओळी, एकाखाली एक. त्याला वाटलं होतं त्याच्या निम्मंही वाईट वाटलं नाही. पण वाटलं. उद्यापासून लोक त्याला कुठल्या नावानं हाक मारतील, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बेरेंडनं हातानं खूण केली. रूल्फनं खुर्ची पुढं ढकलली, आणखी पुढं, भिंतीला पाय लागेपर्यंत. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला आणि बोट ओळींवरून खाली आणलं. बोट थांबलं. एन्सिंग, आर. सामने दोनशे बारा. गोल एक, आणि पुढं बारीक अक्षरांत: शनिवार.

रूल्फ त्या बोटाकडे बघत होता. ओळीकडे नव्हे.

"डावा पाय ना?" बेरेंडनं विचारलं.

"हो, बाबा. डावा."

"मला वाटलंच. कुठून मारलास?"

"पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून. म्हणजे..." रूल्फनं इकडंतिकडं पाहिलं. यांटिनानं कॉफीचे कप टेबलावर काढून ठेवले होते. त्यानं बापाची खुर्ची टेबलाशी आणली आणि कप सरकवायला लागला. "हा त्यांचा गोलकीपर. हे दोघं त्यांचे, इथं. हा आमचा होता, इथं आडवा. चेंडू असा बाहेर आला. कोच मला ओरडत होता, मागं ये, मागं ये. मी म्हटलं, आता एवढा आलोय तर..." सहासष्ट वर्षांचा टपालवाला भराभर बोलत होता. असं बोलताना लामर्टनं त्याला या टेबलावर कधी ऐकलं नव्हतं. "आणि मी इथं होतो." त्यानं एक कप ठेवला.

बेरेंडनं मान हलवली. हात पुढं करून त्यानं तो कप उचलला आणि दोन बोटं डावीकडं, जरा मागं ठेवला.

"इथं," तो म्हणाला. "इथं होतास तू. मी बघत होतो."

"आणि मी, काका?" लामर्टनं विचारलं. "मी कुठं होतो?"

बेरेंडनं साखरेचा चमचा घेतला आणि गोलकीपरच्या कपाशेजारी, चेंडूच्या वाटेपासून पार बाजूला ठेवला. "तू इथं. हात वर."

यांटिना खो खो हसली. लामर्टही हसला, कारण जागा बरोबर होती. रूल्फ हसला नाही. बापानं ठेवलेल्या त्या कपाकडे तो बघत होता. यांटिना कॉफीची किटली घेऊन आली, कप गोळा करायला लागली, आणि त्या कपाशी तिचा हात पोचला तेव्हा रूल्फनं तो अडवला.

"हा राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला.

तिनं दुसरा कप आणला.